विनोदी चित्रपटातली थप्पड कशी पाहावी

नवरा-बायकोच्या मारहाणीवर चित्रपटगृह हसते तेव्हा ते नेमके कशावर हसते, हे शोधायला संपूर्ण चित्रपट पुन्हा पाहावा लागत नाही. एकच प्रसंग निवडावा आणि तो तीन-चार वेळा पाहावा.

पहिल्यांदा आवाज बंद ठेवावा. थपडेला विनोदी करण्याचे निम्मे काम पार्श्वसंगीत करते. ते काढून घेतले की एक माणूस दुसऱ्याला मारतो आहे, एवढेच पडद्यावर उरते. मग कॅमेरा कोणाकडे आहे ते पाहावे: मारणाऱ्याच्या आविर्भावाकडे, दाराआडून डोकावणाऱ्या शेजाऱ्यांकडे, की जिला लागले तिच्या चेहऱ्याकडे? पुढच्या प्रसंगात गालावर वळ दिसतो का, हेही तपासावे. बहुतेकदा तो दिसत नाही.

त्यानंतर मारण्याचे कारण वहीत लिहावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे का, हे सात कारणे सांगून विचारले जाते. न सांगता बाहेर जाणे, उलट बोलणे, स्वयंपाक नीट न करणे, सासरच्यांचा मान न राखणे, ही त्यांपैकी काही. पाचव्या फेरीत (२०१९–२१) सुमारे ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी निदान एका कारणासाठी होकार दिला. ही यादी शेजारी ठेवून विनोदी पटकथा वाचल्या, तर तेच प्रसंग पुन्हा पुन्हा भेटतात. मग प्रश्न असा विचारावा की, चित्रपट त्या कारणाला हसतो आहे, की कारण मान्य करून मार खाणारीला?

हा फरक ओळखायला २०२२ सालचे दोन चित्रपट लागोपाठ पाहावेत. ‘डार्लिंग्स’ या हिंदी चित्रपटात भातातल्या खड्यावरून नवरा हात उचलतो; तिथे गंमत नाही, ती येते पुढे, मायलेकींच्या उलट्या डावातून. मल्याळम ‘जया जया जया जया हे’मध्ये नवरा मारतो आणि नंतर बायकोला हॉटेलात खाऊ घालतो, हा क्रम नेहमीचा झाला की हसू येते, पण ते त्याच्या निर्लज्ज सवयीचे. ती चोरून व्हिडिओ पाहून लढायला शिकते, हा भाग लोकप्रिय असला, तरी माहेरचे तिला सांभाळून घ्यायला सांगतात तो भाग मला अधिक बोचरा वाटतो.

लाटणे उगारणारी बायको हा जुना विनोद तपासताना केवळ भूमिकांची अदलाबदल करून थांबू नये. तो हसवतो, कारण घरात खरी सत्ता कोणाकडे असते हे प्रेक्षक धरूनच चाललेला असतो. नवरा मार खातो, पण घर, पैसा आणि निर्णय त्याच्याच हातात राहतात. अर्थात, पुरुषाला लागत नाही असे समजून हसणेही तपासावेच.

हात न उचलता होणारा छळ सुटून जाऊ नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही येतो, त्यामुळे माहेरावरून मारलेले टोमणे आणि काढून घेतलेला पगार हेही वहीत नोंदवावे.

हा अभ्यास गटात करायचा असल्यास हसू कुठे सुरू झाले आणि कुठे थांबले, ती वेळ एकाने टिपावी. स्वतःचे अनुभव सांगण्याचा आग्रह मात्र कोणालाही करू नये. खोलीत कोणाच्या घरी हा प्रसंग कालच घडला असेल, ते आपल्याला ठाऊक नसते.