मेडिकलच्या खर्चाची वही कशी मांडायची

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी सव्वीस वर्षं दिवाणजी आहे. मालाची पट्टी करायची, हमाली-तोलाई वजा टाकायची आणि शेतकऱ्याच्या हातात निव्वळ रक्कम ठेवायची, हे माझं काम. त्यामुळे कुणी नुसता दर सांगितला की मी म्हणतो, पट्टी दाखवा. 2024 साली मुलीचं मिरजेचं सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलं आणि घरात खासगी मेडिकलचा विषय निघाला, तेव्हा जो तो दरच सांगत होता. कुणी म्हणे साठ लाख, कुणी म्हणे सव्वा कोटी, माझा एक चुलतभाऊ म्हणाला मुलींना आता फुकट आहे. महिनाभर कागद चाळल्यावर कळलं की तिघंही खरंच सांगत होते, फक्त तिघांचे दरवाजे, म्हणजे प्रवेशाचे रस्ते आणि त्यावरच्या सवलती, वेगळे होते.

म्हणून दोनशे पानी वही घ्या आणि पहिल्या पानावर फी लिहू नका, दरवाजा लिहा.

महाराष्ट्रात खासगी एमबीबीएसला तीन दरवाजे आहेत. पहिला, खासगी विनाअनुदानित कॉलेजातला राज्य गुणवत्तेचा, म्हणजे राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप फेरीतून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) मिळणाऱ्या 85 टक्के जागांचा. इथली फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, ज्याला सगळे एफआरए म्हणतात. दुसरा, त्याच कॉलेजातला उरलेल्या 15 टक्क्यांचा, इन्स्टिट्यूट कोटा. वर्ग तोच, मास्तर तेच, मृतदेह तोच, फी मात्र पहिल्या दरवाजाच्या काही पट. अनिवासी भारतीयांच्या जागाही यातच. तिसरा दरवाजा अभिमत विद्यापीठांचा, म्हणजे स्वतःलाच विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या खासगी संस्थांचा. त्यांचे प्रवेश दिल्लीच्या एमसीसीकडून, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडून होतात आणि त्यांच्या फीवर एफआरएचा हात चालत नाही.

इथं नावावर जाऊ नका. आमच्याकडं लोक सरसकट 'डी. वाय. पाटील' म्हणतात, पण पिंपरी, नवी मुंबई आणि कोल्हापूर अशी या नावाची तीन वेगवेगळी अभिमत विद्यापीठं आहेत. कराडचं कृष्णा, लोणीचं प्रवरा, वर्ध्याजवळचं सावंगी, ही सगळी अभिमतच. गाव लहान म्हणून फी लहान असेल असा माझा अंदाज होता, तो पहिल्याच दिवशी खोटा ठरला.

ढोबळ आकडे असे धरा. सरकारी कॉलेजात वर्षाला दीड लाखाच्या आसपास. एफआरएच्या कॉलेजात 7-8 लाखांपासून 13-14 लाखांपर्यंत. मोठ्या अभिमत विद्यापीठात 25 लाखांच्या वर. नेमका आकडा एफआरएच्या संकेतस्थळावर कॉलेजवार, वर्षवार मिळतो. तो स्वतः उघडून बघा, क्लासवाल्याच्या पत्रकावरून वहीत उतरवू नका. आणि आकड्याशेजारी 'अंतरिम' असा शब्द असेल तर लाल पेनानं गोल करा, कारण अंतिम फी अजून ठरायची असते.

हे दर एवढे का, हा प्रश्न मला हिशेबनीस म्हणून छळत होता. 1983 साली वसंतदादा पाटलांच्या काळात राज्यात विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांना दार उघडलं. अनुदान नाही याचा अर्थ प्राध्यापकांचे पगार, रुग्णालयाच्या खाटा, यंत्रं सगळं फीमधून. मग देणगीचा सुळसुळाट झाला, 1987 ला कॅपिटेशन फीबंदीचा कायदा आला, आणि पुढं सुप्रीम कोर्टात टी. एम. ए. पै (2002) आणि आपल्या पुण्याचा पी. ए. इनामदार (2005) असे खटले होऊन असं ठरलं की संस्थेला खर्च भागवून थोडी शिल्लक ठेवायला मुभा आहे, नफेखोरीला नाही. आज एफआरए कॉलेजचे तपासलेले हिशेब बघून खर्च विद्यार्थ्यांवर विभागून फी काढतं. म्हणजे शेवटी तीही एक पट्टीच.

ती पट्टी फोडायला शिका. मंजूर फीमध्ये दोन रकमा असतात, शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क. नव्वद टक्के पालक बेरीज बघतात. सवलतीचा सगळा खेळ या दोन रकमांच्या मधल्या रेघेवर आहे, ते पुढं येईल. त्याखाली कॉलेज स्वतःच्या रकमा लावतं: होस्टेल, मेस, अनामत, जिमखाना, ग्रंथालय, विद्यापीठाची पात्रता फी.

आमच्या प्रवेशाच्या दिवशीचं सांगतो. काउंटरवर अर्ध्या पानाची चिठ्ठी हातात आली. वर ठरलेली फी, खाली होस्टेल, आणि सगळ्यात खाली एकच शब्द, 'इतर', पुढं 85,000. मी विचारलं, इतर म्हणजे काय? क्लार्क पोरगा वर न बघता म्हणाला, "काका, सगळे भरतात." मी म्हटलं, बाळा, मी पण सगळ्यांकडूनच घेतो, पण पट्टीवर हमाली वेगळी आणि तोलाई वेगळी लिहितो. मागं रांग लागली होती, बायको माझी बाही ओढत होती. शेवटी मी कोऱ्या कागदावर अर्ज लिहून दिला, की 85,000 रुपयांचा बाबवार तपशील आणि तशीच पावती द्यावी. अर्ध्या तासानं आतून नवी चिठ्ठी आली. त्यात 30,000 परत मिळणारी अनामत निघाली, विद्यापीठाची फी निघाली, आणि 22,000 रुपयांची बाब कुठं गेली ते कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. भांडण करू नका, अर्ज लिहा. आणि अनामतीची पावती वेगळी ठेवा, साडेपाच वर्षांनी ती दाखवल्याशिवाय कुणी पैसे देणार नाही.

आता मांडणी. एमबीबीएस साडेचार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. फी साडेचार वर्षांची, राहणं-जेवणं साडेपाच वर्षांचं. कॉलेज पाचव्या वर्षी अर्धी फी घेतं की पूर्ण मागतं, हे प्रवेशाआधी लेखी विचारा. समजा मंजूर फी 11 लाख आहे, त्यात शिक्षण शुल्क 10 आणि विकास शुल्क 1. माझ्या वहीतलं पान असं दिसतं:

मंजूर फी, 11 लाख × 4.5 = 49.5 लाख
होस्टेल 1,10,000 आणि मेस 45,000 वर्षाला × 5.5 = सुमारे 8.5 लाख
पुस्तकं, एप्रन, हाडांचा संच, येणं-जाणं, 40,000 × 5.5 = 2.2 लाख
एकूण सुमारे 60 लाख

होस्टेल-मेसचे आकडे आमच्या कॉलेजचे आहेत, पुण्या-मुंबईत वाढवून घ्या. हाडांचा संच सीनियरकडून जुना घ्या, पुढच्या वर्षी ज्युनियरला विका. यात कुणाचंच नुकसान नाही.

हे झालं सवलत नसलेल्याचं. आता ती मधली रेघ. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. खासगी विनाअनुदानित कॉलेजही त्यात येतं, अट इतकीच की प्रवेश कॅपमधून हवा. इन्स्टिट्यूट कोटा आणि अभिमत विद्यापीठ यात बसत नाही. आम्ही ओबीसी, माझा पगार मर्यादेच्या बराच आत. वरच्या पानातून 45 लाख गेले. राहिले विकास शुल्काचे साडेचार, होस्टेल-मेस आणि किरकोळ, मिळून 15 लाख. चुलतभावाचं 'फुकट' म्हणजे हे पंधरा लाख. खुल्या प्रवर्गातल्या, 8 लाखांच्या आतल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. अनुसूचित जाती-जमातींच्या योजना वेगळ्या आणि जास्त पक्क्या आहेत. वसतिगृहासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. सगळ्याचा अर्ज महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, दरवर्षी नव्यानं, आधार जोडलेलं खातं चालू ठेवून.

म्हणून माझ्या मते मेडिकलच्या खर्चात सगळ्यात महाग वस्तू फी नाही, तहसीलदाराचा दाखला आहे. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रीमीलेअर, जात वैधता, अधिवास हे चार कागद मुलगी अकरावीत असतानाच फायलीत हवेत. जात वैधता वेळेत नसली तर मूल खुल्या यादीत जातं, आणि तो कागद 45 लाखांचा होऊन बसतो. आमच्या गल्लीतल्या एका हुशार मुलीचं असं झालं. आजोबांचा शाळेचा दाखला शोधण्यात दोन महिने गेले.

दुसरं पान माझ्या साडूचं. त्यांचं कुपवाड एमआयडीसीत छोटं युनिट आहे, उत्पन्न मर्यादेबाहेर, मुलाचे गुण कमी. अभिमतला गेले. पहिल्या वर्षाची फी 25 लाख धरून त्यांनी साडेचारनं गुणलं, 1 कोटी साडेबारा लाख, आणि विट्याचा प्लॉट विकायला काढला. मी म्हटलं, दादा, माहितीपत्रक आणा. मागच्या पानावर बारीक अक्षरात ओळ होती, दरवर्षी 5 टक्के वाढ. पुन्हा मांडलं तर 1 कोटी 23 लाख. त्या एका ओळीचे साडेदहा लाख झाले. शिवाय एमसीसीच्या फेरीत अभिमतसाठी नुसती 2 लाख अनामत आधी भरावी लागते. पुढच्या फेरीत मिळालेली जागा घेतली नाही तर ती बुडते, तेव्हा पसंतीक्रम भरताना हौसेनं कॉलेजं टाकू नका.

कर्जाचं पान सर्वांत शांतपणे मांडा. बँकेच्या शैक्षणिक कर्जात साधारण साडेसात लाखांच्या वर तारण लागतं. मी भाच्यासाठी एका बँकेत शेतीचा सातबारा घेऊन गेलो होतो, मॅनेजरनं तो दोन बोटांनी बाजूला सरकवला. घर किंवा एनए प्लॉट असेल तर बोला, म्हणाला. हप्ते शिक्षण संपल्यावर एक वर्षानं सुरू होतात म्हणून लोक निश्चिंत असतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं. समजा दरवर्षी 10 लाख असं चार वर्षं 40 लाख उचललं, व्याज सरळ 10 टक्के. पहिला हप्ता देईपर्यंत साडेसहा वर्षं होतात. पहिल्या 10 लाखांवर साडेसहा लाख व्याज, दुसऱ्यावर साडेपाच, मग साडेचार, साडेतीन. बेरीज बरोबर 20 लाख. चाळीसचे साठ झाले, अजून एक पैसा फेडलेला नाही. साठ लाख 15 वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे 64,500, शेवटी हातातून गेलेले 1 कोटी 16 लाख. जमत असेल तर शिकत असताना व्याज तरी दरमहा भरत जा. आयकरात या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत, हे तुमच्या कर सल्लागाराला आठवण करून द्या.

व्हॉट्सॲपवर एक निरोप दरवर्षी फिरतो, की खासगीतल्या निम्म्या जागा सरकारी फीमध्ये. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाचं 3 फेब्रुवारी 2022 चं तसं पत्र खरंच आहे. पण मी पाहिलेल्या एकाही फीपत्रकात त्याचा मागमूस नव्हता. वहीत जमेला धरू नका. तसंच 'सीट करून देतो' म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. नीटची गुणवत्ता आणि ऑनलाइन फेरी यांच्याशिवाय कायदेशीर रस्ता नाही, आणि रोख दिलेल्या पैशाची पावती कुणीही देत नाही.

वहीत शेवटी दोन ओळी ठेवा. एक, जागा मध्येच सोडली तर काय भरावं लागतं. सोडण्याची शेवटची तारीख उलटली की पुढच्या वर्षांची फीही मागतात, म्हणून ती तारीख मोबाइलमध्ये टाका. सरकारी कॉलेज निवडणाऱ्यांनी तिथला एक वर्षाच्या सेवेचा बाँड लिहावा, नाही केली सेवा तर 10 लाख. दुसरी ओळ इंटर्नच्या विद्यावेतनाची. सरकारी कॉलेजात महिना 18,000 आहे, खासगीत कॉलेज बघून. मी आमच्या कॉलेजच्या ऑफिसात विचारायला गेलो तर तोच 'इतर'वाला क्लार्क होता. ओळखून हसला. "काका, त्याला अजून तीन वर्षं आहेत." मी तारीख टाकून त्याचं वाक्य वहीत उतरवलं आणि खाली त्याची सही मागितली. सही नाही दिली, चहा दिला.