वादळानंतर छप्पर परत घालताना : कौलं की पत्रे?

3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात किनाऱ्याला लागलं, आमचं घर त्याच पट्ट्यातलं, दुपारपर्यंत पडवीवरचे पत्रे वाडीत जाऊन पडले होते आणि माजघरावरची कौलं बरीचशी जागेवर होती. तेव्हापासून कोणी विचारलं की पत्रे घालू का कौलं, तर मी आधी विचारते, बांधणार कशाने?

कारण वारा छप्पर वरून दाबत नाही, उचलतो. पडवी उघडी असेल तर खालून शिरतो आणि वरून ओढतो, पहिली जाते वळचण, म्हणजे छपराची खालची कड, आणि आढ्याची, म्हणजे माथ्यावरची ओळ. कौलांच्या फटीतून थोडी हवा सुटते म्हणून सगळं एकदम जात नाही, सुटी कौलं मात्र उडतात. पत्रा उचलला की अख्खा जातो आणि वाटेत माणूस आला तर त्याला कापतो.

कौलं घालणार असाल तर मंगलोरी कौलाच्या खालच्या बाजूला तारेसाठी भोक असतं ते बघा, निदान कडेच्या दोन-तीन ओळी आणि आढं रिपांना, म्हणजे वाशांवरच्या आडव्या पट्ट्यांना, तारेने बांधून घ्या. साधी बाइंडिंग वायर खाऱ्या हवेत गंजून तुटते, तांब्याची घ्या. कौलं जड असतात, तेव्हा जुने वासे वाळवीने पोखरलेत का ते सुताराकडून ठोकून बघून घ्या, नाहीतर नवीन कौलं जुन्या वाशांवर म्हणजे पैसे पाण्यात. आणि माकडांचा त्रास असेल तर कौलं दरवर्षी परतावी लागणार हे धरूनच चला, आमच्याकडे कित्येकांनी फक्त त्यापायी पत्रे घातले.

पत्रे घेताना दुकानदाराला जाडी विचारा, आणि ती रंग धरून आहे का नुसत्या लोखंडाची तेही. अर्धा एमएमच्या खाली मी तरी जाणार नाही. समुद्राजवळ नुसत्या जस्ताच्या पत्र्यापेक्षा अॅल्युमिनियम-जस्ताचा थर असलेला जास्त टिकतो. स्क्रू रबरी वायसरवाले, उंचवट्यावर मारायचे म्हणजे गळत नाही, आणि वळचणीला, आढ्याला, दोन्ही टोकांना मधल्यापेक्षा जवळजवळ मारायला सांगा. फॅब्रिकेटर घाईत असतो, वर चढून स्वतः मोजा.

सिमेंटचे पत्रे स्वस्त पडतात पण झाड पडलं, नारळ पडला की फुटतात. जुने अॅस्बेस्टॉसचे असतील तर उतरवताना पाणी मारून ओले करा, करवतीने कापू नका, ती धूळ फुफ्फुसात जाते. तुकडे चुलीपाशी रचून ठेवू नका.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच, छप्पर रिपांना बांधलं, रिपा वाशाला, पण वासा भिंतीवर नुसता टेकवलेला असेल तर सगळं मिळून उडतं. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीवर चारी बाजूंनी सळ्या घालून सिमेंटचा बेल्ट करा, त्यात बोल्ट सोडा आणि लोखंडी पट्टीने वासे आवळा. पैसे कमी असतील तर रंगीत पत्रा राहू दे, पडवी पुढच्या वर्षी करा, पण हा बेल्ट पावसाच्या आधी होऊ दे.