स्वस्त रेड वाइन मुरते का? चाखूनच बघा

एकाच वाइनच्या, एकाच वर्षाच्या चार-सहा बाटल्या घ्या. दर सहा महिन्यांनी एक उघडा आणि दोन ओळी लिहून ठेवा. चवीच्या बाबतीत आठवणीवर माझा तरी भरवसा नाही. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. कडेचा जांभळटपणा जाऊन विटकरी छटा आली की वाइनचं वय दिसू लागतं. टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून येणाऱ्या द्रव्याचा, तोंड कोरडं करणारा तुरटपणा मवाळ होतो, ताज्या फळांचा वास मनुका-अंजिरांकडे वळतो. मात्र परवडणाऱ्या बहुतेक रेड वाइन दोन-तीन वर्षांत पिण्यासाठीच बनवतात. फळाचा गंध विरून नुसता आंबटपणा उरू लागला, तर बाकीच्या लगेच संपवा. बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवा, अंधारात, १२ ते १४ अंश सेल्सिअसला. स्वयंपाकघरातली फळी नकोच.