ओट्याखालची जुनी कपाटं

स्वयंपाकघर सगळं तोडून नव्याने करायचं बजेट नव्हतंच. ओट्याखालची कपाटं ठोकून पाहिली, तर सिंकखालची फुगलेली फळी सोडून बाकी ठणठणीत. दोषी निघाला पाइपच्या जोडातला झिजलेला वॉशर. आधी तो बदलला, मग फळी.

दारं लटकत होती, कारण बिजागऱ्यांच्या स्क्रूची भोकं सैल झालेली. काडेपेटीच्या काड्यांची गुलं मोडून, काड्या गोंदात बुडवून भोकांत ठोकल्या. सकाळी तेच जुने स्क्रू घट्ट बसले!

रंगात मात्र घाई नडली. तेलकट थर न धुताच पॉलिश पेपर मारला. तेल आणखी आत गेलं आणि रंग धरेचना. पुन्हा साबणाच्या गरम पाण्याने धुणं, वाळवणं, घासणं, प्रायमर. दोन दिवस फुकट. मुठी नव्या, पण जुन्याच भोकांत बसणाऱ्या घेतल्या.