कॉम्प्युटर जोडण्याआधीची तयारी: पंखे घेण्याआधी हेडर मोजा

पंखे विकत घेण्याआधी मदरबोर्डवर पंख्यांच्या वायरी लावायच्या जागा किती आहेत ते मोजावे. या जागांना हेडर म्हणतात. यादीची सुरुवात मी मुद्दाम इथून करतो आहे, कारण गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मुलीसाठी कॉम्प्युटर जोडताना मी बाकी सगळे मोजले आणि नेमके हेच मोजायचे राहिले. ती आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला होती, रेंडरिंग, म्हणजे आराखड्याचे खरे भासणारे चित्र कॉम्प्युटरकडून तयार करून घेणे, रात्र-रात्र चालणार होते, घर नागपुरात आणि मे महिना तोंडावर आलेला. त्या धास्तीने मी पंख्यांवर पंखे घेत गेलो. कॅबिनेटबरोबर तीन आले होते, आणखी तीन वेगळे घेतले आणि प्रोसेसरच्या कूलरवर दोन होते, असे एकूण आठ झाले. बोर्ड मायक्रो-एटीएक्स आकाराचा, म्हणजे लहान. त्यावर एक हेडर प्रोसेसरच्या पंख्यासाठी आणि दोन कॅबिनेटच्या पंख्यांसाठी, एवढेच होते.

हे मला कळले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि सगळे पंखे स्क्रूंनी पक्के बसलेले होते. कूलरचे दोन पंखे त्याच्यासोबत आलेल्या जोडवायरीने एका हेडरवर गेले, कॅबिनेटचे दोन उरलेल्या दोन हेडरांवर गेले आणि राहिलेले चार मी एसएमपीएसच्या, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, मोठ्या मोलेक्स जोडणीवर टाकले. मोलेक्सवरून पंख्याला थेट १२ व्होल्ट मिळतात आणि बोर्डाचा त्याच्यावर काहीही ताबा राहत नाही, म्हणजे कॉम्प्युटर सुरू असेपर्यंत तो पूर्ण वेगाने फिरत राहतो. कॉम्प्युटर मुलीच्या खोलीत होता. चौथ्या रात्री तिने झोप यावी म्हणून ती जोडणी काढून ठेवली. पुढचे तिन्ही धरून चारही पंखे बंद पडले, आत साचलेल्या गरम हवेमुळे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपला वेग कमी करत राहिले आणि पहाटे संपायचे रेंडरिंग सबमिशनच्या दिवशी दुपारी बारापर्यंत रेंगाळले. तिची त्यात काहीच चूक नव्हती.

म्हणून बोर्ड निवडतानाच त्याचे मॅन्युअल कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावे आणि बोर्डाची आकृती असलेले पान उघडावे. त्यात प्रोसेसरच्या पंख्याचा हेडर सीपीयू-फॅन (CPU_FAN) आणि कॅबिनेटच्या पंख्यांचे हेडर सिस-फॅन (SYS_FAN) किंवा चा-फॅन (CHA_FAN) अशा नावांनी दाखवलेले असतात. ते बोट ठेवून मोजावेत, आकडा कागदावर लिहावा आणि त्यानंतरच पंख्यांच्या दुकानात पाऊल टाकावे. दुकानदार हेडर मोजून देईल ही अपेक्षा ठेवू नये, कारण आपण कोणता बोर्ड घेतला आहे हे बहुतेकदा त्याला ठाऊकच नसते. प्रत्येक हेडर बोर्डाच्या कोणत्या कडेला आहे तेही त्याच आकृतीत पाहावे. पंख्याची वायर साधारण ४० ते ५० सेंटिमीटर असते आणि कॅबिनेटच्या मागच्या बाजूने फिरवून आणली की ती चटकन अपुरी पडते. एखादा हेडर तर बोर्डाच्या अगदी खालच्या कडेला असतो. ग्राफिक्स कार्ड बसल्यावर तिथे बोट शिरत नाही.

हेडर कमी पडत असतील तर स्प्लिटर, म्हणजे एका हेडरवर अनेक पंखे जोडणारी वायर, चालतो, पण त्याचाही हिशेब असतो. बहुतेक बोर्डांवरचा एक हेडर १ अँपिअर, म्हणजे १२ वॅट देतो. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. प्रत्येक पंख्याच्या मधल्या चकतीवरच्या लेबलावर त्याचे अँपिअर छापलेले असतात. स्प्लिटरवरच्या सगळ्या पंख्यांची बेरीज करावी आणि ती मर्यादेच्या बऱ्याच आत ठेवावी, कारण सुरू होण्याच्या क्षणी पंखा नेहमीपेक्षा जास्त करंट ओढतो. लेबलावर ०.२ अँपिअर असेल तर एका हेडरवर तीन पंखे निर्धास्त चालतात. दिव्यांचे पंखे असतील तर मात्र बेरीज नीट करावी. याहून जास्त पंखे हवेच असतील तर एसएमपीएसच्या साटा वायरीवर चालणारा हब, म्हणजे अनेक पंखे जोडता येणारी डबी, घ्यावी. तिच्यात वीज एसएमपीएसकडून येते आणि बोर्डाच्या हेडरवरून फक्त वेगाचा इशारा जातो. आर्क्टिकच्या पी१२ पंख्यांच्या पीएसटी प्रकारात एका पंख्याच्या वायरीलाच पुढच्या पंख्याची जोडणी दिलेली असते, त्यामुळे वेगळा स्प्लिटर लागत नाही. एवढे मला आधी माहीत असते, तर मोलेक्सच्या वाटेला मी गेलोच नसतो.

पिनाही पाहाव्यात. चार पिनांच्या पंख्यात एक पिन ग्राउंडची, एक १२ व्होल्टची, एक वेग कळवणारी आणि चौथी वेग ठरवणारी असते. तीन पिनांच्या पंख्यात ही चौथी नसते, म्हणून त्याचा वेग व्होल्टेज कमी-जास्त करूनच बदलता येतो. एकाच स्प्लिटरवर तीन पिनांचे आणि चार पिनांचे पंखे मिसळू नयेत. हेडर चौथ्या पिनेवर वेग ठरवत असेल तर तीन पिनांच्या पंख्याला तो इशारा पोहोचतच नाही आणि तो बिचारा पूर्ण वेगाने धावत राहतो. प्रोसेसरच्या हेडरवर प्रोसेसरच्या कूलरचेच पंखे असावेत. स्प्लिटरवरच्या एकाच पंख्याचा वेग बोर्डाला कळतो, बाकीच्यांपैकी एखादा अडकला तरी बोर्डाला त्याचा पत्ता लागत नाही.

रंगीत दिव्यांचे हेडर वेगळे असतात आणि तेही वेगळे मोजावे लागतात. तीन पिनांचे दिवे ५ व्होल्टचे असतात, चार पिनांचे १२ व्होल्टचे. ५ व्होल्टच्या दिव्यांची जोडणी जबरदस्तीने १२ व्होल्टच्या हेडरवर बसवली तर दिवे जळतात, त्यामुळे इथे जोर लावू नये. दिव्यांची हौस नसेल तर साधे काळे पंखे घ्यावेत. वायरी निम्म्या होतात.

आता पंखे किती हवेत. मुलीच्या कॉम्प्युटरमध्ये रायझन ५ ७६०० प्रोसेसर आहे, तो जास्तीत जास्त ८८ वॅट ओढतो, आणि आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड आहे, त्याचे २०० वॅट. बाकीचे धरून अंदाजे ३०० वॅट उष्णता कॅबिनेटमध्ये तयार होते. आतून बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा १० अंशांहून जास्त गरम होऊ नये असे वाटत असेल तर मिनिटाला सुमारे ५३ घनफूट हवा आरपार जायला हवी. पंख्याच्या खोक्यावर हवेचा जो आकडा छापलेला असतो तो मोकळ्या हवेतला असतो. जाळी, धुळीचा फिल्टर आणि आतल्या वायरी यांमुळे प्रत्यक्षात हवा बरीच कमी येते. तरीही पुढे १४० मिलिमीटरचे दोन आणि मागे १२० मिलिमीटरचा एक, मध्यम वेगावर, एवढ्यात हे काम होते. म्हणजे मला कॅबिनेटसाठी तीनच पंखे लागत होते. मी सहा लावले होते.

खोलीत ४० अंश असतील तर या हिशेबाने कॅबिनेटमध्ये ५० पर्यंत जाणार; आतली हवा खोलीपेक्षा गरम असणे कोणत्याही पंख्याने टळत नाही. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंशांची आहे, त्यामुळे तेवढ्याने त्याला धोका पोहोचत नाही; फक्त आलेली हवा बाहेर जायला हवी. विदर्भात हे समजावून सांगावे लागू नये. खसाचा कूलर खिडकीला लावला आणि समोरचे दार बंद ठेवले की खोली दमट आणि कोंदट होते, दार किलकिले केले की गारवा फिरतो. कॅबिनेटचेही तसेच आहे. मात्र त्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये, त्यातले तुषार आत जातात.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवावी, म्हणजे हवा फिल्टरमधूनच येते आणि फटींमधून धूळ ओढली जात नाही. पंख्याची उघडी, गुळगुळीत बाजू हवा आत ओढते आणि ज्या बाजूला मोटर धरणारे आडवे दांडे असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. काही पंख्यांच्या चौकटीवर बाण असतो, नसेल तर दांडे पाहावेत. जोडून झाल्यावर पेटती अगरबत्ती पुढच्या जाळीजवळ धरावी: धूर सरळ आत ओढला गेला पाहिजे आणि मागच्या पंख्याजवळ बाहेर ढकलला गेला पाहिजे. मला हे पाहताना फार समाधान वाटले, कारण दुसऱ्या खेपेला धुराची रेघ पहिल्याच झटक्यात आत वळली.

पंखा निवडताना हवेच्या आकड्याबरोबर दाबाचा, म्हणजे अडथळ्यातून हवा रेटण्याच्या ताकदीचा, आकडाही वाचावा. नॉक्टुआच्या दोन पंख्यांचे उदाहरण घेऊ, दोन्ही १२० मिलिमीटरचे. एनएफ-एस१२ए हा १२०० फेऱ्यांवर मिनिटाला साधारण ६३ घनफूट हवा देतो, पण त्याचा दाब १.१९ मिलिमीटर पाण्याइतका आहे. एनएफ-ए१२एक्स२५ हा २००० फेऱ्यांवर साधारण ६० घनफूट देतो आणि दाब २.३४ चा. मागच्या मोकळ्या जाळीसाठी पहिला पुरतो, पण पुढे दाट फिल्टर किंवा लिक्विड कूलरचा (द्रव फिरवून थंड करणाऱ्या कूलरचा) रेडिएटर असेल तर दुसऱ्या प्रकारचाच हवा. आवाजाच्या बाबतीत मोठा पंखा सावकाश फिरवणे नेहमीच चांगले, कारण वेग वाढला की हवा त्याच प्रमाणात वाढते, आवाज मात्र फार झपाट्याने चढतो. १४० चा पंखा घेण्याआधी कॅबिनेटमध्ये त्याची भोके आहेत का ते पाहावे: १२० च्या पंख्याच्या स्क्रूंमध्ये १०५ मिलिमीटर अंतर असते, १४० च्या पंख्यात १२४.५. आणि पुन्हा सांगतो, पंखा कितीही उत्तम असला तरी तो लावायला हेडर हवा. तो मोजला का?

कूलरची उंची कॅबिनेटच्या मर्यादेत बसते का ते पाहावे. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई १५५ मिलिमीटर उंच आहे, नॉक्टुआचा एनएच-डी१५ तर १६५. ग्राफिक्स कार्डासाठी कॅबिनेटमधली जागा मोजताना त्यातून पुढच्या पंख्यांची २५ मिलिमीटर जाडी वजा करावी. लिक्विड कूलर घेतल्यास त्याच्या पंपालाही एक हेडर लागतो, तो यादीत धरावा.

हत्यारांत चुंबकी टोकाचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, टॉर्च आणि केबल टाय पुरेत. काम लाकडी टेबलावर करावे. कॅबिनेटची काच काढली की लगेच गादीवर आडवी ठेवावी. टफन्ड काचेचा कोपरा फरशीवर टेकला तरी ती एका क्षणात चुरा होऊ शकते, आणि आपल्याकडे घराघरात फरशीच असते. थ्री-पिन सॉकेटचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे, नाहीतर कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएसच्या सुट्या होणाऱ्या वायरी दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावू नयेत. टोके सारखी दिसली तरी आतली मांडणी वेगळी असते आणि एसएसडी जळते.

जोडणीचा क्रम असा. प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी बोर्ड बाहेर असतानाच बसवावेत. एएम५ सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, तिथे बोट लावू नये. रॅमचे दोन तुकडे असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. कूलरच्या तळावरची प्लॅस्टिकची पट्टी काढावी, मग प्रोसेसरवर थर्मल पेस्ट लावावी. बोर्डाखाली जादा स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो धातूचा खुंट) राहू देऊ नये. प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची वायर कूलर बसवण्याआधी वरच्या कोपऱ्यातून ओढून घ्यावी, नंतर तिथे हात जात नाही. नव्या पंख्याच्या भोकांना आटे नसतात, म्हणून पहिला स्क्रू जड जातो. सरळ दाबून फिरवावा. आणि ग्राफिक्स कार्ड बसवण्याआधी पंख्यांच्या सगळ्या वायरी हेडरवर लावून, टॉर्च मारून, एकेक मोजून घ्याव्यात. जितके पंखे, तितक्या वायरी कुठे ना कुठे पोहोचलेल्या दिसल्या पाहिजेत. एकही वायर मोलेक्सवर नको.

पहिल्यांदा सुरू केल्यावर डीडीआर५ रॅम ओळखायला काही मिनिटे लागू शकतात, तोवर पडदा काळाच राहतो. घाबरून बटण दाबू नये. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर, रॅमचा एक्सपो (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) सुरू करावा, तीन पिनांच्या पंख्यांसाठी डीसी (व्होल्टेजने वेग) आणि चार पिनांच्यांसाठी पीडब्ल्यूएम (चौथ्या पिनेने वेग) निवडावे, प्रत्येक पंख्याच्या फेऱ्यांचा आकडा तिथे दिसतो का ते पाहावे. मग विंडोज, ड्रायव्हर, तापमान पाहण्याचे एखादे सॉफ्टवेअर टाकावे. फिल्टर उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी धुवावा.

मुलीच्या कॉम्प्युटरमधले तीन जादा पंखे मी काढले. आता पुढचे दोन एका हेडरवर आहेत, मागचा दुसऱ्यावर, आणि ती त्याच खोलीत झोपते.