कोडवरची जिव्हारी लागणारी टीका आणि न संपणारे काम : नव्या डेव्हलपरने काय करावे

रिव्ह्यूला, म्हणजे सहकाऱ्यांकडे तपासायला, पाठवलेल्या कोडवर सत्तावीस शेरे येतात आणि त्यांतला एक असा असतो : "हे फंक्शन म्हणजे कचरा आहे. यूजर सापडलाच नाही तर काय होईल, याचा विचार तरी केला होता का?" नोकरीला जेमतेम सहा महिने झालेल्या माणसाला मग उरलेले सव्वीस शेरे दिसत नाहीत; दिवसभर तो 'कचरा' हा एकच शब्द चघळत बसतो.

अशा वेळी लगेच उत्तर देऊ नये. वहीत मधोमध रेघ मारून डावीकडे शेऱ्यातला कोडविषयीचा भाग लिहावा आणि उजवीकडे उरलेला. वरच्या शेऱ्यातून डावीकडे येते ते एवढेच : 'यूजर न सापडल्यास फंक्शन नल (रिकामे मूल्य) परत करते आणि पुढची ओळ कोसळते.' ही चूक खरी आहे आणि ती दहा मिनिटांत दुरुस्त होते. उत्तरही तेवढेच द्यावे : "ही शक्यता माझ्याकडून सुटली होती. तपासणी आणि टेस्ट, दोन्ही जोडल्या आहेत." लांबलचक माफी नको आणि टोमणाही नको. डावी बाजू कोरीच राहिली, तर "यात नेमके काय बदलायला हवे?" असे सरळ विचारावे. आठवड्यामागून आठवडे ती कोरीच राहत असेल, तर त्या शेऱ्यांना टीका म्हणता येणार नाही. ते शेरे तारखांसह जपून ठेवावेत आणि टीम लीडशी एकांतात बोलावे.

कठोर बोलल्याशिवाय चांगला कोड तयार होत नाही, असे मानणारे ज्येष्ठ सहकारी भेटतातच. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचे जनक लिनस टॉरव्हल्ड्स यांची तिखट ईमेल वर्षानुवर्षे प्रसिद्ध होती. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी स्वतःच त्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही आठवडे कामातून रजा घेतली. लिनक्सचा दर्जा त्यामुळे काही घसरला नाही.

शेऱ्यांची संख्या कमी करणे मात्र बरेचसे आपल्या हातात असते. गूगलने प्रसिद्ध केलेल्या कोड रिव्ह्यूच्या मार्गदर्शिकेत सुमारे १०० ओळींचा बदल सहसा योग्य आणि १००० ओळींचा सहसा फार मोठा मानला आहे. मोठा बदल वाचताना समोरचा माणूसही वैतागतो आणि तो वैताग शब्दांत उतरतो. म्हणून आराखडा आधी चार ओळींत दाखवावा आणि कोड तुकड्या-तुकड्यांनी पाठवावा.

टीका आणि जादा काम एकमेकांना खतपाणी घालतात. रात्री अकराला दमून लिहिलेल्या कोडमध्ये चुका राहतात, त्यांवर शेरे येतात आणि त्या दुरुस्त करण्यात पुढची रात्र जाते. निदान रात्री लिहिलेला कोड रात्रीच पाठवू नये. सकाळी स्वतः डिफ, म्हणजे केलेल्या बदलांची यादी, वाचून मगच पाठवावा. माझ्या स्वतःच्या निम्म्या चुका मला अशा सकाळीच सापडल्या आहेत.

जास्त तास बसणे म्हणजे निष्ठा, हा समज शरीराला महागात पडतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो.

तेव्हा दोन आठवडे प्रत्येक कामाला लागलेला वेळ टिपून ठेवावा. अंदाज देताना आपण फक्त कोड लिहिण्याचा वेळ धरतो. टेस्ट, रिव्ह्यूनंतरच्या दुरुस्त्या आणि मीटिंग त्यात नसतात, हे त्या नोंदींतून लख्ख दिसते. मग मॅनेजरला "जमणार नाही" असे न म्हणता लिहावे : "माझ्याकडे लॉगिनची दुरुस्ती, रिपोर्टचे पान आणि डेटाबेसचे स्थलांतर अशी तीन कामे आहेत. शुक्रवारपर्यंत त्यांतली दोन नीट होतील. कोणते मागे ठेवू?" यामुळे निवड करण्याची जबाबदारी जिथली तिथे जाते. उत्तर तोंडी मिळाले, तर "आपले बोलणे झाले त्याप्रमाणे" अशी सुरुवात करून ते ईमेलने परत पाठवावे.

"तिन्ही हवीत" हेच उत्तर दर वेळी येत राहिले, तर दुसरी टीम किंवा दुसरी नोकरी शोधण्यात कमीपणा नाही. आणि झोप उडाली असेल, सुट्टीच्या दिवशीही लॅपटॉप उघडताना छातीत धडधडत असेल, तर वही बाजूला ठेवून आधी डॉक्टरांची वेळ घ्यावी.