छोट्या कॅटामरानची डोलकाठी एकट्याने उभी करताय? मग या चुका टाळा

मुंबईच्या मनोरीला बोट ठेवली की एक गोष्ट लगेच कळते, संध्याकाळी बोट वाळूवर ओढायला दहा जण धावत येतात पण सकाळी सात वाजता काठी उभी करायला कुत्रंही नसतं. माझा पार्टनर भाईंदर-उत्तनच्या रस्त्याने फिरून येईपर्यंत उजाडून उन्हं डोक्यावर आलेली असतात, आणि सीझनमध्ये दुपारनंतर वायव्येचा वारा जोर धरतो, तेव्हा काठी हातात धरणं म्हणजे शीड धरण्यासारखंच. म्हणून एकट्याने शिकलो. खालचं सगळं होबी 16 (दोन हल, म्हणजे दोन तरंगते सांगाडे, असलेली शिडाची छोटी कॅटामरान) धरून लिहितोय, काठी साधारण 26 फूट.

सगळ्यात मोठी चूक मी पहिल्याच दिवशी केली. काठी मागे आडवी, बुडखा (काठीचं खालचं टोक) पुढच्या क्रॉसबारवर, म्हणजे दोन हल जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर, पिनने अडकवलेला (हीच बिजागरी), शेंड्याकडून दोर घेतला आणि पुढे उभा राहून जीव खाऊन ओढत बसलो. काठी हलेना. ताकद कमी पडत नव्हती हो, काठी आडवी असताना तो दोर जवळपास काठीला समांतर असतो, त्यामुळे तुमची सगळी ओढ काठी उचलायच्या ऐवजी बुडखा पिनेवर दाबण्यात जाते आणि पिन वाकते (माझी वाकली). उपाय साधा आहे, सहा फुटांचा जाड बांबू काठीच्या बुडाशी उभा करायचा, जिबच्या हॅलयार्डचं (पुढचं शीड वर चढवायच्या दोराचं) टोक बांबूच्या शेंड्याला, आणि तिथून दुसरा दोर पुढे नाळेकडे (बोटीच्या पुढच्या टोकाकडे). आता ओढ वरून लागते. बांबू पुढे झोपत जातो तशी काठी वर येते. मागे शेंड्याखाली घोडी किंवा उंच स्टूल ठेवून काठी आधीच थोडी वर असेल तर अजून सोपं, कारण पहिली काही इंचच खरी जड असतात.

ओढायला मेनशीटच्या (मोठ्या शिडाच्या दोराच्या) पुल्या वापरा, क्लीट (दोर पकडून ठेवणारी खाच) असल्यामुळे दोर सोडला तरी काठी जागेवर थांबते. पण आधी रिकामं ओढून बघा, मला अर्ध्यात कळलं की दोर आखूड पडतोय आणि मग पंधरा मिनिटं तसाच लटकलो.

दुसरी चूक, साईडचे स्टे (काठीला ताणून धरणाऱ्या तारा) आहेत ना, मग काठी बाजूला कशी जाईल असं समजणं. जाते! ते स्टे काठीच्या मागे बांधलेले असतात, काठी पूर्ण उभी होईपर्यंत ढिलेच राहतात. तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक किंवा एक हल वाळूत रुतलेला असला की काठी एका बाजूला कलते आणि बुडखाच फाटतो. म्हणून दोन तात्पुरते दोर, काठीच्या मध्यापासून पुढच्या क्रॉसबारच्या दोन टोकांपर्यंत. दोराचं खालचं टोक बिजागरीच्याच रेषेत असलं की उचलताना दोराची लांबी बदलत नाही, सगळ्या वाटेत ताठ राहतो. बांबूलाही तसेच दोन दोर हवेत. आणि बोट समपातळीत आहे का ते आधी बघा, मऊ वाळूत ट्रेलरचं एक चाक बसलेलं असतं आणि आपल्याला पत्ता नसतो.

काठी वर आली पण फोरस्टे (पुढची तार) दोन इंच कमी पडतोय? जोर लावू नका. नव्वद टक्के वेळा स्टे रडरखाली (सुकाणूखाली) किंवा हलच्या कडेला अडकलेला असतो, नाहीतर स्टेची पिन चुकीच्या भोकात, नाहीतर बुडखा नीट बसलेला नसतो. हे तीन बघून मगच ओढा. फोरस्टे लागला तरी पिनेची रिंग लावल्याशिवाय पुढचा दोर सोडायचा नाही, साईडचे स्टे काठीला पुढे पडू देत नाहीत, पण मागे पडण्यापासून फक्त फोरस्टेच वाचवतो. नंतर बिजागरीची पिन काढायची की ठेवायची ते तुमच्या मॉडेलप्रमाणे बघा, काठीला फिरता आलं पाहिजे.

आणि वर बघा रे! वाडीतल्या वीजतारा, ट्रान्सफॉर्मर, कुणी ओढलेली केबल. काठी अ‍ॅल्युमिनियमची, स्टे स्टीलचे, पाय ओल्या वाळूत. काही काठ्यांचं टोक फायबरचं असतं पण त्याखालचा भाग तर धातूचाच ना. काठी उभी करून बोट ढकलत नेताना तर हे सगळ्यात जास्त विसरलं जातं, मी स्वतः एकदा तारेपासून तीन हातांवर थांबलोय, तेही मागून एका कोळी काकांनी आरडाओरडा केला म्हणून.